एक थाप माफ

श्रोतेहो, अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी आधी जरा कचरलो. मी कॉलेजात शिकवणारा माणूस. चित्रपटांचा जाणकार नव्हे. परंतु चित्रपट पाहून घरी परतताना वाटेत जे बोलणे होते ना, ते मला चित्रपटाइतकेच आवडते. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते परीक्षण नव्हे, वाटेवरचे बोलणे आहे असे समजा. एखादे मत पटले नाही तर खुशाल सोडून द्या.

माझे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले चकलांबा. नोकरी बाहेर, पण सवड मिळाली की मी गावी येतो. आमच्या लहानपणी चित्रपट गावात यायचा तो गणपतीच्या दिवसांत. वर्गणी काढून भाड्याचा टीव्ही आणि व्हीडिओ आणायचा आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहायचे. तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी मंडळी पोत्यावरच झोपी गेलेली असत. आता ज्याच्या त्याच्या खिशात पडदा आहे, पण तो एकट्याने पाहायचा. मला ते काही रुचत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका मित्राचा प्रोजेक्टर मागून आणला, अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि ओळीने तीन शनिवार गल्लीतल्या लोकांना बोलावले. मुले आली, म्हातारी माणसे आली, शाळेतले दोन गुरुजी आले. तरणी माणसे मात्र थोडी होती. ती का थोडी होती, ते पुढे येईलच.

तीन चित्रपट दाखवले. पहिला आपला ‘मिस्टर इंडिया’, दुसरा ‘द मार्शियन’ आणि तिसरा ‘इंटरस्टेलर’. शेवटचे दोन परदेशी, पण हिंदी आवाजातले. तिन्ही विज्ञानाच्या कल्पनेवर उभे असलेले, आणि तिन्ही लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिलेले.

या पुन्हा पुन्हा पाहण्याबद्दल आधी थोडे बोलतो. हल्लीची मुले अशा चित्रपटाला ‘कल्ट’ म्हणतात. मी त्याला वारीचा चित्रपट म्हणेन. वारकऱ्याला विठोबा कसा दिसतो हे का ठाऊक नसते? तरी तो दर वर्षी जातोच. तसे काही चित्रपट असतात. पुढे काय होणार हे पाठ असते, आणि पाठ असते म्हणूनच मजा येते. सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा. महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालचा. त्यातला तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्ये यांनी घडवलेला एक बाहुला. लक्ष्मीकांत बेर्डे यांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली. ते २००४ च्या डिसेंबरात गेले. पण त्यांच्या पश्चात जन्मलेली पोरे आमच्या अंगणात त्यांची हुबेहूब नक्कल करतात. हे कोणा जाहिरातवाल्याने घडवलेले नाही. चित्रपट काढणारे चित्रपट काढतात. त्याला वारीचा करतात ते पाहणारे.

याचे ताजे उदाहरण म्हणजे ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट, कथा कोकणातली, तिला प्रेरणा आपल्या नारायण धारपांच्या गोष्टीची. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो आला तेव्हा बेताचाच चालला. पण ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लावावा लागला, आणि या दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. मी तो याच दुसऱ्या खेपेला छत्रपती संभाजीनगरला पाहिला. चित्रपट मोठ्यांसाठी आहे, म्हणून अंगणात तो लावला नाही. त्यात पाऊस थांबतच नाही. आमच्या भागातला माणूस पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारा. त्याला पाऊस म्हणजे शाप, ही कल्पना पचवायला अवघड जाते. पहिला अर्धा तास मी मनात म्हणत होतो, अरे, यातला निम्मा तरी इकडे पाठवा. मग हळूहळू ध्यानात आले की हा पाऊस आहे माणसाच्या हावेसारखा, किती पडला तरी पुरे म्हणत नाही.

आता ‘तुंबाड’मध्ये खोटे काय आहे? वाड्याच्या पोटात दडलेला एक देव, तो हस्तर, आणि त्याच्याजवळच्या सोन्याच्या मोहरा. बस्स, एवढेच. बाकी पडका वाडा खरा, गरिबी खरी, बापाची हाव पोराने उचलणे तर फारच खरे. आणि इथेच मला कल्पित चित्रपटाचा एक नियम सापडतो. सांगणाऱ्याला एक थाप माफ असते. आपली आजी नाही का, ‘आटपाट नगर होतं’ म्हणायची आणि आपण मान डोलवायचो? ते नगर कोणत्या तालुक्यात, असे कोणी विचारले नाही. पण पुढे राजाला दोन राण्या असतील तर धाकटीने थोरलीचा मत्सर केलाच पाहिजे. तिथे खोटे चालायचे नाही. एक थाप माफ. पण तिच्यानंतरचा सारा हिशेब चोख हवा.

हा नियम घेऊन आमच्या पहिल्या शनिवारकडे वळू. ‘मिस्टर इंडिया’ शेखर कपूर यांचा, १९८७ सालचा. मनगटावर यंत्र बांधले की माणूस दिसेनासा होतो, ही थाप. मात्र तांबड्या प्रकाशात तो दिसतो, ही त्या थापेला घातलेली वेसण. वेसण नसती तर गोष्टीत रामच उरला नसता. चित्रपट संपल्यावर पोरे मोगॅम्बोच्या ऐटीत अंगणभर फिरत होती. एवढ्यात सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, तो माणूस कुनालाच दिसत नाही, मग त्याला कसं दिसतं?”

श्रोतेहो, मी चाटच पडलो. कारण अदृश्य माणसाची मूळ कल्पना एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९७ मध्ये मांडली, आणि पुढे याकोव्ह पेरेलमान या रशियन लेखकाने आपल्या पदार्थविज्ञानाच्या गमतीदार पुस्तकात तिच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला. आपल्याला दिसते ते कशामुळे? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश पडतो आणि तो पडदा प्रकाश शोषून घेतो म्हणून. सगळे शरीर काचेहून पारदर्शक झाले तर डोळ्याचा पडदाही पारदर्शक होणार. प्रकाश आरपार निघून जाणार. म्हणजे जो कोणालाच दिसत नाही तो स्वतः आंधळा! चकलांब्याच्या त्या पोराने पेरेलमानचे नावही ऐकलेले नव्हते. त्याला कोणी शिकवले? त्याच्या मनातल्या शंकेने. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी म्हणे त्याच शंकेवरून डोळ्याचा धडा शिकवला.

काही सुशिक्षित लोक म्हणतात की असल्या चित्रपटांनी मुलांच्या डोक्यात भलभलते भरते. भरत असेलही. पण चित्रपट आणि विज्ञान यांचे वैर नाही. आपल्याकडे तर दोघे एकाच कुंडीत उगवले, असे म्हणायला हरकत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी पैसे घालणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवून ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. कित्येक दिवसांत झालेली रोपाची वाढ पडद्यावर बघता बघता झाली. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला. शेतकऱ्याला ज्याची दिवसेंदिवस वाट पाहावी लागते ते चुटकीसरशी दिसले. काळ असा आवळता येतो, हे मराठी माणसाने पडद्यावर प्रथम दाखवले ते एका पिकावर! ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काळाचा हा धागा जरा हातात धरून ठेवा. तिसऱ्या शनिवारी तो लागणार आहे.

दुसऱ्या शनिवारचा ‘द मार्शियन’ हा २०१५ सालचा, रिडली स्कॉट यांचा. मंगळावर गेलेल्या तुकडीतला एकजण मेला असे समजून बाकीचे निघून जातात. तो वनस्पतिशास्त्रज्ञ असतो. जवळचे अन्न पुरणार नाही म्हणून तो काय करतो? बटाटे लावतो! मंगळाची माती आत आणून अंथरतो, माणसांच्या विष्ठेचे खत घालतो आणि यानाच्या इंधनातून हायड्रोजन काढून त्याचे पाणी करतो. आमच्या अंगणात तुम्ही असायला हवे होते. एरवी परदेशी चित्रपट म्हटला की डुलक्या घेणारी माणसे ताठ बसली. पडद्यावर बटाट्याच्या फोडी झाल्या तेव्हा मागून आवाज आला, “डोळा ठेवून काप रे बाबा!” आणि त्याने डोळा ठेवूनच कापला. तेव्हा कुठे त्या परदेशी माणसाला आमच्या लोकांनी शेतकरी म्हणून मान्य केले. शेजारच्या एका काकांची तक्रार मात्र कायम राहिली. ते म्हणाले, “खत कुजवलं कुठं त्यानं? कच्चं खत घातल्यावर पीक जळायचं ना.”

यातली थाप कोणती? बटाटे, असे बहुतेकांनी सांगितले. पण ती बटाट्यांत नाही. सुरुवातीला जे प्रचंड वादळ दाखवले आहे, तिथे खरी थाप आहे. मंगळावरची हवा इतकी विरळ, की तिचा दाब आपल्याकडच्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथला सोसाट्याचा वारा आपल्याला झुळकेसारखाच लागेल. तो यान कुठून पाडणार? शिवाय मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हे २००८ साली फिनिक्स या यानाने शोधून काढले आहे. माती आधी पाण्याने धुवावी लागेल. खारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण एवढ्याने मी या चित्रपटाला नावे ठेवणार नाही. संकटात सापडलेला माणूस रडत न बसता बोटांवर हिशेब करतो, इतके दिवस, इतके बटाटे, इतके पाणी. हे पाहून मला आपल्या बायाबापड्यांची आठवण झाली. दुष्काळात घरोघरी हाच हिशेब चालतो, फक्त त्याचा चित्रपट निघत नाही.

आता तिसरा. ‘इंटरस्टेलर’ क्रिस्टोफर नोलन यांचा, २०१४ सालचा. हाही वारीचाच; २०२५ च्या फेब्रुवारीत तो आपल्या देशात पुन्हा लागला तेव्हा शहरांत तिकिटे मिळेनात. पावणेतीन तासांहून मोठा, कथा अवघड, त्यात थंडीची रात्र. मला वाटले, निम्मे लोक उठून जातील. पण चित्रपट सुरू होतो तो एका शेतकऱ्याच्या घरात. पिकांवर रोग पडला आहे. गहू गेलाच आहे. आता शेजाऱ्याने आपली भेंडी जाळून टाकली, यापुढे भेंडी कधीच येणार नाही, असे कोणी सांगते. उरला फक्त मका. घरात धूळ, ताटात धूळ. ती धूळ मनची नाही बरे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात खरोखरच अशी धुळीची वादळे झाली होती, आणि ती भोगलेल्या खऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी या चित्रपटाच्या आरंभी जोडल्या आहेत. आमचे एक आबा ते पाहून म्हणाले, “भात्तर साली आमी मिलो खाल्ली. दुसरं नव्हतंच काही.” बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेला तो तांबडा मिलो! कुठली अमेरिका आणि कुठले चकलांबा. पण एकच एक धान्य खाऊन दिवस काढणे म्हणजे काय, हे आबांना दिग्दर्शकाने समजावून सांगावे लागले नाही.

गुरुजनांनी यातला एक प्रसंग अवश्य पाहावा. त्या शेतकऱ्याला शाळेत बोलावून घेतात. तुमच्या मुलाने शेतीच करावी, जगाला आता इंजिनियर नकोत, असे सांगतात. मुलीची तक्रार अशी की तिने जुने पुस्तक शाळेत आणले. त्या पुस्तकात माणूस चंद्रावर गेला असे लिहिले होते, आणि नव्या सुधारलेल्या पुस्तकात मात्र ते सारे नाटक होते असे छापले आहे! भुकेल्या जगात पहिला बळी जातो तो मुलांच्या प्रश्नांचा. शेती करणे कमीपणाचे नाही, हे मी शेतकऱ्याच्या घरातला म्हणून ठासून सांगतो. पण वर पाहूच नको असे मुलाला सांगणे हे पाप आहे. ‘खायची भ्रांत, आणि हे म्हणे आकाशातल्या गोष्टी!’ असे वाक्य आपल्याही शाळांच्या व्हरांड्यांत कधी कधी ऐकू येते. म्हणून हा प्रसंग मला टोचला.

पुढे तो शेतकरी, जो मूळचा वैमानिक असतो, दुसरी पृथ्वी शोधायला निघतो. अवकाशात यान बाहेरून दाखवले की सगळा आवाज बंद होतो. आमच्याकडे लगेच कोणी तरी ओरडले, “आवाज गेला, वायर बघा!” वायर ठीक होती. हवाच नाही तिथे आवाज कसा येणार? हा चित्रपटाचा चोख हिशेब. मग यान एका कृष्णविवराजवळच्या ग्रहावर उतरते. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. गुरुजींनी खडूने भिंतीवर गुणाकार केला. सात वर्षांचे तास भरले एकसष्ट हजारांवर. ही थाप नव्हे, मात्र प्रमाण अफाट घेतले आहे. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून येते. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक सुधारली नाही, तर एका दिवसात जागेचा हिशेब दहा किलोमीटरांहून अधिक चुकेल.

तो बाप त्या ग्रहावरून यानात परततो तेव्हा पृथ्वीवर तेवीस वर्षे उलटलेली असतात. मुलांनी धाडलेले निरोप साठून राहिलेले. ते तो एकामागून एक पाहतो. सोडून आलो तेव्हा दहा वर्षांची असलेली पोर आता त्याच्याच वयाची होऊन पडद्यावरून त्याच्याशी बोलते. अंगणात कोणी हलले नाही. माझ्या पुढ्यात आठवीतली एक मुलगी बसली होती. ती शेजारच्या पोरीला हळूच म्हणाली, “माझी आई बी असंच म्हनती, पट्टा पडला की. किती वाढलीस गं, म्हनती.”

श्रोतेहो, तरणी माणसे अंगणात का नव्हती ते आता सांगायला नको. हंगाम चालू होता. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीनंतर टोळ्या गेलेल्या. नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि पोरे आजीजवळ नाही तर हंगामी वसतिगृहात. मी त्या रात्री झोपताना गुरुजींसारखाच हिशेब केला. पहिलीपासून आठवीपर्यंत सात हंगाम, दर हंगामाचे पाच महिने धरले तर पस्तीस महिने. म्हणजे तीन वर्षांना एक महिना कमी, एवढा काळ त्या मुलीचे आईबाप फडावर आणि ती इथे. त्यासाठी कृष्णविवर लागले नाही. पडद्यावरचा बाप निघाला तेव्हा केवढे संगीत वाजले! आमची माणसे ट्रॅक्टरवर बोचकी टाकून पहाटे निघतात, तेव्हा फक्त कुत्री भुंकतात.

चित्रपटाविषयी माझे मत विचाराल तर शेवटचा अर्धा तास मला आवडला नाही. तिथे कृष्णविवराच्या पोटात शिरून घरच्या पुस्तकांच्या कपाटामागे पोहोचण्याची दुसरी थाप येते. एक थाप पचते, दुसरी घशात अडकते. आबांचे मत याहून रोकडे. ते म्हणाले, “एवढा पैसा लावून दुसरी पृथ्वी धुंडायलेत, त्यापेक्षा हीच नीट करा म्हनावं.” यावर मला उत्तर सुचले नाही.

तरीही कृष्णविवर म्हणजे परक्यांची गोष्ट, असे आपल्या मुलांना वाटू देऊ नका. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ साली ‘कृष्णविवर’ नावाची एक मराठी कथा आली होती. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला की ते आपले जयंत विष्णु नारळीकर! नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण गोष्ट तिच्या गुणावर निवडली जावी, नावावर नव्हे, असे त्यांना वाटले. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. त्यांच्या कथा गावच्या वाचनालयात असल्याच पाहिजेत.

आणि दुसरी गोष्ट. ‘इंटरस्टेलर’चे शास्त्रीय सल्लागार प्रा. किप थॉर्न यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते गुरुत्वीय लहरींच्या शोधातल्या कामगिरीबद्दल. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याने उठलेली अशी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम टिपली गेली. तशाच लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा भारतात होत आहे. कुठे? आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ! केंद्र सरकारने तिला २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. हे मी अंगणात सांगितले तेव्हा त्या आठवीतल्या मुलीने विचारले, “तिथं काम करायला काय शिकावं लागतं?”

गुरुजनहो, माझी विनंती एवढीच. वर्षातून एखादा असा चित्रपट मुलांना सगळ्यांच्या संगतीने दाखवा. नंतर निबंध लिहायला लावू नका. एकच प्रश्न विचारा, यातली थाप कोणती? मुले ती शोधतील, आणि शोधता शोधता खरे काय तेही त्यांच्या हाती लागेल.

त्या मुलीला मी काय उत्तर दिले? गणित आणि पदार्थविज्ञान, असे सांगितले. आणि शाळा मध्येच सोडायची नाही, असेही. ती म्हणाली, “पट्टा पडला की आईला सांगते.”